बांधावरचा शंख उचलून शेजारच्या खडकावर का लावत नाहीत?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दक्षिण स्पेनमधल्या एका बंदराच्या लाटरोधक बांधाची दुरुस्ती तुमच्या चमूकडे आहे. पाण्याच्या रेषेलगतच्या दगडांवर चाळीसेक मोठे लिंपेट, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे टोपीसारखे शंख, आढळले, ते ‘पटेला फेरुजिनिया’ असल्याचा अहवाल आला आणि तेवढ्या पट्ट्यातलं काम थांबलं. तुम्ही विचारताय, ‘शेजारच्या खडकावर आज एकही मोठा शंख नाही; हे चाळीस जीव काळजीपूर्वक काढून तिथे लावले तर काय बिघडेल? आणि प्राणी इतका दुर्मीळ असेल, तर तो बंदराच्या दगडावर कसा? मालवणला असले शंख पायाखाली येतात.’

प्रश्न रास्त आहे. मी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही अंगांना या प्राण्याच्या मोजणीवर सात वर्षं काम केलं आणि पहिल्या वर्षी माझ्याही डोक्यात हेच होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मालवणचं. तिथे खडकावर दिसणारे टोपीसारखे छोटे शंख बहुधा सेलाना गटातले असतात. तेही लिंपेटच, पण जात वेगळी आणि संख्या भरपूर. तुमच्या बांधावरचा प्राणी फक्त पश्चिम भूमध्य समुद्रात आढळतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. अश्मयुगीन माणसांच्या वस्त्यांत खाऊन टाकलेल्या शंखांचे ढीग सापडतात, त्यांतही तो आहे. एके काळी त्या किनाऱ्यांवर तो सर्रास होता. आज युरोपच्या मुख्य भूमीच्या बहुतेक किनाऱ्यावरून तो गेला आहे. उरलाय तो कॉर्सिका, सार्डिनिया, दक्षिण स्पेनचे काही तुकडे आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेउता, मेलिला, चाफारिनास बेटं, अल्जीरियाची हबिबास बेटं, ट्युनिशियाचं झेम्ब्रा अशा मोजक्या जागी.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय, ‘हलवता येतील का?’ हलवता येतात. मला मात्र वेगळं विचारावंसं वाटतं: हलवल्यावर वर्षभराने त्यांतले किती जिवंत असतील, आणि जे असतील त्यांत माद्या किती? याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. प्राणी सुट्या दगडावर आहेत की काँक्रीटच्या ठोकळ्यावर, तो दगड तुम्हाला खरोखरच हलवायचा आहे का, प्राण्यांचा आकार काय, वर्षातला महिना कोणता, नवी जागा किती उघडी आणि तिथे माणसांची ये-जा किती. हे न बघता ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

एक मोठा फेरुजिनिया जवळून बघा. उपड्या वाटीसारखा, सात-आठ सेंटीमीटरचा, फार जुना असेल तर दहाच्या आसपास. शिखरापासून खाली जाड, खडबडीत शिरा उतरलेल्या, आणि त्यामुळे कवचाची कड कातणाने कापलेल्या करंजीसारखी नागमोडी. रंग गंजलेल्या लोखंडाचा. लॅटिन नावाचा अर्थही तोच. आता तो दगडाला जिथे टेकलाय ती कड पाहा. नखसुद्धा आत जात नाही. दगडाला जिथे खळगा आहे तिथे कवच खाली उतरलंय, जिथे उंचवटा आहे तिथे कवचाला खाच आहे. मी याला त्याची ‘बैठक’ म्हणतो. प्राणी एकाच जागी वाढतो, आणि वाढता वाढता कवचाची कड त्या जागेच्या मापाने घडत जाते. ओल असेल, लाटा अंगावर येत असतील तेव्हा तो सरपटत बाहेर पडतो, दगडावरचा शेवाळी थर खरवडून खातो आणि पुन्हा आपल्या बैठकीवर येऊन नेमका तसाच बसतो. भर उन्हात आतलं पाणी टिकतं ते या चपखल बसण्यामुळे.

त्याला उचललं की पहिली गोष्ट जाते ती ही बैठक. नव्या दगडावर कवच आणि दगड यांच्यात फटी राहतात. फटीतून पाणी सुकतं, लाट आत शिरून त्याला उखडते आणि खेकड्याला नांगी घालायला जागा मिळते. निवांत, निर्धास्त असलेला लिंपेट पातळ पात्याने एका हिसक्यात सुटतो. पण त्याला चाहूल लागली तर तो असा घट्ट धरतो, की मग ओढाल तेवढी इजा.

माझ्या पहिल्या वर्षी, परवानगी घेतलेल्या एका छोट्या प्रयोगात, सहा सेंटीमीटरचा एक प्राणी माझ्या हातून असाच दुखावला. मी पातं घातलं आणि नेमका त्याच क्षणी माझा गुडघा घसरून शेजारच्या दगडावर आपटला. त्याने धरलं, मी थांबायच्या आत ओढलं. पायाच्या कडेला जेमतेम तीन मिलिमीटरची चीर पडली. तुम्हा-आम्हाला असा ओरखडा संध्याकाळी आठवतही नाही. पण या प्राण्यांचं रक्त आपल्यासारखं गोठत नाही. जखम झाली की ते झिरपत राहतं. तो नव्या जागी चिकटला, दुसऱ्या दिवशीही होता, तिसऱ्या दिवशी बोट लावल्यावर हलला. चौथ्या दिवशी दगड रिकामा होता. त्याचा क्रमांक माझ्या वहीत अजून आहे. आकार आणि वाढीच्या रेघा पाहता तो निदान दहा-बारा वर्षांचा असावा.

आणि बहुधा ती मादी होती. हा प्राणी नर म्हणून वयात येतो, साधारण अडीच-तीन सेंटीमीटरचा असताना, आणि मोठा झाल्यावर त्यातले बरेच मादी होतात. काही जण पुन्हा उलट नर झाल्याचंही स्पॅनिश संशोधकांनी दाखवलंय. प्राणी न मारता, सुईने जननद्रव्याचा थेंब घेऊन, तोच प्राणी पुढच्या वर्षी पुन्हा तपासून. म्हणजे लिंगाचं गणित सरळ रेषेत नाही. पण ढोबळ नियम असा, की मोठा शंख म्हणजे मादी असण्याची शक्यता जास्त, आणि मोठी मादी म्हणजे अंडीही कितीतरी जास्त.

आता विचार करा, किनाऱ्यावर आलेला माणूस कुठला शंख काढतो? खायला असो, गळाला लावायला असो की घरात शोभेला ठेवायला, तो मोठाच काढतो. त्याच्या दृष्टीने त्याने दहा शंख नेले. वस्तीच्या दृष्टीने त्याने त्या खडकावरच्या जवळपास सगळ्या माद्या नेल्या. मागे राहतात लहान नर. मोजणी करणारा येतो, पन्नास प्राणी मोजतो आणि लिहितो ‘वस्ती आहे’. अशा दोन जागा मी बघितल्या आहेत. आकडा चांगला होता, पण वर्षानुवर्षं तिथे एकही नवं पिल्लू दिसलं नाही. म्हणून तुमच्या अहवालात नुसती ‘चाळीस’ ही संख्या असेल, तर प्रत्येकाची लांबी मिलिमीटरमध्ये मागून घ्या. चाळीसपैकी पंधरा जण सहा सेंटीमीटरच्या वर असतील, तर तुमचा तो पट्टा शेजारच्या कित्येक किलोमीटर खडकापेक्षा मोलाचा असू शकतो.

यांचं मीलन होत नाही. साधारण शरदाच्या अखेरीस, समुद्र गार व्हायला लागला की, नर-माद्या आपापली बीजं पाण्यात सोडतात आणि फलन पाण्यातच होतं. दोन प्राणी एकमेकांपासून दूर असले, तर ती बीजं भेटण्याआधीच विरून जातात. फलन झालंच तर अळ्या थोडेच दिवस तरंगतात आणि मग त्यांना खडक लागतो. त्यामुळे एका किनाऱ्यावरची वस्ती संपली की शंभर किलोमीटरवरून कुणी येऊन ती आपोआप भरत नाही. चाळीस प्राणी एका बांधावर जवळजवळ बसलेत, याला म्हणून किंमत आहे. तेच चाळीस तुम्ही लांबलचक खडकावर विरळ लावलेत, तर सगळे जगूनही पिढी पुढे जाणार नाही.

तुम्ही कोकणातले दिसता, म्हणून एक तुलना करतो. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन-तीन मीटर चढतं-उतरतं, मुंबईला त्याहूनही जास्त. कालवं काढणाऱ्या बायका ओहोटीची वेळ साधून जातात आणि पाणी चढलं की परततात. भरती हीच तिथल्या जिवांची राखण. भूमध्य समुद्राला ती राखण नाही. सामुद्रधुनीपाशी मीटरभर फरक दिसतो, पूर्वेकडे सरकलात की काही बोटं. फेरुजिनिया पाण्याच्या रेषेच्या जरा वर, हातभर रुंदीच्या पट्ट्यात राहतो, आणि त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही घटकेला, कोरड्या पायाने चालत आलेल्या माणसाच्या हाताशी असतो. समुद्रातला इतका उघडा पडलेला प्राणी मला दुसरा आठवत नाही.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे: तो बंदरात कसा? पूर्वी समजूत होती की याला अगदी नितळ, स्वच्छ पाणीच लागतं. पुढे सेउताच्या बंदराच्या भिंतींवर तो बऱ्यापैकी संख्येने आढळला आणि ती समजूत मोडली. याच्या दाट वस्त्या कुठे कुठे आहेत ते नकाशावर लावून पाहिलं, की एक गोष्ट लक्षात येते. चाफारिनास ही तीन छोटी बेटं मोरोक्कोच्या किनाऱ्यापासून चारेक किलोमीटरवर आहेत. तिथे स्पेनची लष्करी ठाणी, सामान्य माणसाला प्रवेश नाही, आणि १९८२पासून ती वन्यजीवांसाठी राखीव. तिथे हा प्राणी दहा हजारांच्या पटीत आहे. सेउता आणि मेलिलामध्येही लष्कराच्या किंवा बंदराच्या कुंपणाआड मोठे शंख टिकून आहेत. कुंपण संपलं, पोहणारे आणि गळ टाकणारे सुरू झाले, की शंखांचा आकार पटकन घटतो. तोच खडक, तेच पाणी, मध्ये फक्त एक जाळीचं फाटक. मी टेप लावून हे मोजलंय. फाटकाच्या आत सरासरी साडेपाच सेंटीमीटर, बाहेर साडेतीनच्या आत. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की या प्राण्याला सगळ्यात जास्त गरज आहे ती माणसाचा हात न पोचण्याची. बंदराचा बांध दिसायला ओबडधोबड असेल, पण तुमच्या सुरक्षारक्षकाने नकळत तिथे अभयारण्य राखलंय.

ही कल्पना मी काढलेली नाही. सेव्हिल विद्यापीठातल्या होसे कार्लोस गार्सिया-गोमेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये रीतसर मांडलं, की ज्या कृत्रिम बांधांवर असे संकटग्रस्त जीव स्वतःहून वस्ती करतात, त्यांना ‘सूक्ष्म राखीव क्षेत्र’ म्हणून संरक्षण द्यावं. मला ते पटतं. माझी एकच अट आहे: याचा आधार घेऊन कुणी नैसर्गिक खडकावर नवा बांध घालायला निघू नये. असलेला बांध राखणं वेगळं आणि ‘बांध घातला तर शंख येतील’ म्हणत खडक बुजवणं वेगळं.

स्थलांतराचे प्रयत्न झालेत आणि त्यांतून शिकायलाही मिळालंय. सुटे प्राणी काढून नुसते लावून दिले तर मृत्यू खूप. लावल्यावर सुरुवातीचे दिवस वरून जाळीचा पिंजरा बसवला, म्हणजे खेकडे आणि लाटा यांपासून आडोसा मिळाला, तर बरेच जास्त टिकतात. त्याहून बरा मार्ग म्हणजे प्राण्याला हातच न लावता दगडासकट हलवणं. तुम्ही सिव्हिलचे आहात, क्रेन तुमच्याकडे आहे, म्हणून हे तुम्हाला शक्य आहे. दगड उचलताना साखळी प्राण्यांवर येता कामा नये, नव्या जागी तो त्याच उंचीला, त्याच बाजूने, समुद्राकडे तेच तोंड करून बसला पाहिजे. हातभर खाली बसला तर प्राणी कायम पाण्याखाली जातो, हातभर वर बसला तर सुकून मरतो. तिसरा मार्ग लांबचा आहे: दाट वस्तीच्या जागी खडबडीत पट्ट्या बोल्टने बसवायच्या, त्यांवर पिल्लं आपणहून रुजू द्यायची आणि मग पट्टीच नव्या जागी न्यायची. पिल्लाची बैठक पट्टीवरच घडलेली असते, त्यामुळे ती मोडत नाही. मला हा मार्ग सर्वांत आवडतो, पण त्याला वर्षं लागतात आणि तुमच्या कामाच्या मुदतीत तो बसणार नाही.

इटलीत लिगुरियाच्या किनाऱ्यावर, पोर्तोफिनो, बेर्जेज्जी आणि चिंक्वे तेर्रे या संरक्षित क्षेत्रांत, युरोपीय संघाच्या ‘लाइफ’ निधीतून हा प्राणी पुन्हा वसवण्याचं काम हाती घेतलं गेलं. त्यासाठी प्रौढ प्राणी सार्डिनियातल्या तावोलारा इथून आणायचे आणि जोडीला प्रयोगशाळेत प्रजनन करायचं, असा बेत. तिथल्या एका गोष्टीबद्दल मला आदर वाटतो. प्रजननाची पद्धत त्यांनी आधी पटेला सेरुलिया या सर्रास आढळणाऱ्या भाऊबंदावर बसवली, म्हणजे शिकताना होणाऱ्या चुकांची किंमत दुर्मीळ जातीला मोजावी लागली नाही. पण प्रयोगशाळेत पिल्लं होतात म्हणून बांधावरची मोठी मादी गेली तरी चालेल, असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. मिलिमीटरभर पिल्लाची सहा सेंटीमीटरची मादी व्हायला बरीच वर्षं जातात आणि तोवर जगतात फार थोडी.

कायद्याबद्दल थोडक्यात. हा प्राणी युरोपीय संघाच्या १९९२च्या अधिवास निर्देशाच्या चौथ्या परिशिष्टात आहे, बर्न (युरोपातले वन्यजीव) आणि बार्सिलोना (भूमध्य समुद्र) या संरक्षण करारांखाली संरक्षित आहे, आणि स्पेनच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत १९९९पासून ‘नष्ट होण्याच्या मार्गावर’ या वर्गात. २००८मध्ये स्पेनने याच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संवर्धन धोरण मंजूर केलं. तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की परवानगीशिवाय एकही प्राणी हलवणं गुन्हा आहे, आणि परवानगी मिळण्यासाठी ‘दुसरा समाधानकारक पर्याय नाही’ हे तुम्हाला दाखवावं लागेल. म्हणजे स्थलांतराचा अर्ज करण्याआधी आराखड्यात बदल करता येतो का, हे बघणं तुम्हाला चुकणार नाही. मला हा क्रम योग्य वाटतो.

मग तुम्ही काय करावं? आधी ओळख पुन्हा पक्की करा. पटेला रस्टिका हा भाऊबंद उंच शंकूसारखा असतो आणि त्याच्या शिरांवर काळे ठिपके असतात. सेरुलिया चपटा, बारीक शिरांचा आणि बहुधा जरा खाली राहणारा. पण तीन सेंटीमीटरच्या आतली पिल्लं तज्ज्ञालाही फसवतात, म्हणून तो निर्णय साइटवरच्या कुणी घेऊ नये. आणि मोठ्या प्राण्यांच्या पाठी नीट तपासायला सांगा. याची पिल्लं पुष्कळदा मोठ्यांच्या कवचावरच रुजतात; वाटाण्याएवढी, शिरांच्या मधल्या खाचेत लपलेली. माझ्या मोजणीत सुरुवातीला ती कितीतरी निसटली. अशी पिल्लं दिसली तर तो बांध स्वतःची नवी पिढी तयार करतोय किंवा निदान कुठून तरी त्याला ती मिळतेय, आणि मग तिथली वस्ती मोडण्याचं समर्थन करणं फार अवघड.

त्यानंतर दगडांचा नकाशा काढा. चाळीस प्राणी चाळीस दगडांवर नसतात. माझा अनुभव असा, की दहा-बारा दगडांवर बहुतेक सगळे भेटतात. त्यांतले किती दगड खरोखर हलवणं भाग आहे? पुष्कळदा दुरुस्ती माथ्यावर किंवा पाण्याखालच्या पायथ्याला हवी असते आणि मधला हातभर पट्टा केवळ सोयीसाठी कामात ओढला जातो. तो वगळता आला, तर स्थलांतराचा प्रश्नच मिटतो. नवे दगड टाकायचेच असतील तर खडबडीत, नैसर्गिक दगड टाका. गुळगुळीत काँक्रीटवर पिल्लं धरत नाहीत. आणि काम ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्या पट्ट्याजवळ नको. सिमेंटचं पाणी त्या दगडांवरून वाहू देऊ नका, वाळूचा फवारा मारून सफाई तर अजिबात नको.

एवढं करूनही दोन-तीन दगड हलवावेच लागले, तर दगडासकट, परवानगीने, जाणकार माणूस जागेवर उभा करून, त्याच बांधाच्या पुढच्या टोकाला, जिथे आधीच फेरुजिनिया आहेत अशा ठिकाणी हलवा. शेजारच्या उघड्या खडकावर मुळीच नको, भले तो नैसर्गिक असेल. तिथे आज एकही मोठा शंख नाही, असं तुम्हीच प्रश्नात लिहिलंय. का नाही, हे बघायला एखाद्या रविवारी दुपारी तिथे जाऊन बसा. हातात बादली आणि सुरी घेतलेली माणसं दिसली, तर तुमचे चाळीस जीव तिथे किती आठवडे टिकतील याचा अंदाज येईल.

काम पूर्ण झाल्यावर बांधाचं फाटक उघडून तिथे फिरायचा रस्ता करायचा बेत असेल, तर मला त्याची तुमच्या क्रेनपेक्षा जास्त धास्ती वाटते. हा मुद्दा आराखड्याच्या बैठकीत आत्ताच काढा. दगडांच्या नकाशाबरोबर प्रत्येक प्राण्याचा वरून एक फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, काढून घ्या. प्राण्याला हात न लावता, सावली न पाडता. लांबीचे आकडे आले की इथे टाका. कुठले दगड जागेवरच ठेवायचा आग्रह धरावा, ते मी त्यावरून सांगू शकेन.